सलग रेघ

१

रोज सकाळी सव्वासातला मुलीचा फोन येतो. आधी गोळी घेतली का, मग गुडघा कसा आहे, आणि मग आम्हा दोघांनाही ज्याची घाई असते ते: कालची मापं. ती डोंगरावरून एकेक आकडा वाचते. मी टेबलाच्या काचेखालच्या नकाशावर बोट ठेवून माझा आकडा सांगतो. दोन्ही जुळले की ती म्हणते, "बाबा, तुम्ही माणूस आहात की फूटपट्टी?" हा विनोद ती दोन महिने करते आहे आणि मी दोन महिने हसतो आहे.

डोंगरमाथ्यावरची ती जुनी राजवस्ती म्हणजे तीन तट, सात दरवाजे, एक तळं आणि सगळ्यात आत फरसबंद चौक. चौकात राजाचं घर, राणीचं घर आणि ज्यांच्याखाली राजे ठेवले आहेत ते दगडी ओटे. अडतीस वर्षांपूर्वी मी तिचा नकाशा काढला. त्या विषयावर पुढे जे काही लिहिलं गेलं ते या नकाशावर उभं आहे. माझी पदवी त्याच्यावर उभी आहे, खुर्ची उभी होती, आणि आता मुलगीही उभी आहे, कारण वस्तीच्या दुरुस्तीचं काम तिच्याकडे आलं ते 'नकाशावाल्यांची मुलगी' म्हणूनच. हे तिला कोणी तोंडावर म्हणत नाही. पाठीमागे सगळे म्हणतात.

त्या चौकात माणसं आपोआप हळू बोलतात. गेलेल्या राजांना तिथे 'गेले' म्हणत नाहीत. 'आत आहेत' म्हणतात. रखवालदारांच्या घराण्यातल्यांनाही तोच मान आहे, हे मुलीला माहीत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात तिने रखवालदाराला विचारलं, "तुमचे वडील कुठे असतात? माझ्या बाबांच्या ओळखीचे आहेत." तो म्हणाला, "आत आहेत." ही बिचारी अर्धा तास दोन कप चहा घेऊन दाराशी उभी. मला फोनवर सांगताना तिला हसू आवरेना.

त्या मंगळवारी तिने सगळे आकडे वाचून झाल्यावर सांगितलं, "आणि एक गंमत. राणीच्या घरामागचा ढिगारा काल पूर्ण निघाला. तुमची अकरावी खोली सापडली, बाबा! चारही भिंती पूर्ण उंचीच्या, उभ्या. छपराच्या फळ्यासुद्धा जागेवर आहेत."

"कोणती?"

"अकरावी हो. अकरा फूट बाय नऊ फूट चार इंच. लेझर लावून दोनदा घेतलं. जुळतंय ना?"

मी बोट सरकवलं. काचेखाली माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: अकरा बाय नऊ, चार.

"जुळतंय," मी म्हणालो.

"माणूस आहात की..."

या वेळी मी हसलो की नाही, आठवत नाही. ती खोली मी कधी मोजलीच नव्हती.

२

आमच्या कामात एक नियम होता. जे स्वतः मोजलं त्याची रेघ सलग. जे फक्त अंदाजाने मांडलं त्याची रेघ तुटक. माझे गुरू म्हणायचे, "तुटक रेघ म्हणजे मत. सलग रेघ म्हणजे शपथ." आणि ते आणखी एक सांगायचे: शाईची रेघ एकदा सुरू केली की मधेच थांबायचं नाही. थांबलात की तिथे ठिपका फुगतो, मग कागदच फुकट.

राणीच्या घरामागे माझ्या वेळी दगडमातीचा ढिगारा होता. तो उपसून मोजायला आठ दिवस लागले असते. घरी बायको आजारी होती. मी परत आलो तो नकाशात भोक घेऊनच. तिथे तुटक रेघेने एक चौकोन काढून 'बहुधा खोली' लिहिलं असतं तर कोणी मला फासावर दिलं नसतं. पण परीक्षकांमध्ये एक खवचट गृहस्थ होते. ते त्या तुटक रेघेवर बोट ठेवून सगळ्यांसमोर म्हणाले असते, "इथे आपण दमलात वाटतं?" हे वाक्य ते कधीच म्हणाले नाहीत. मी मात्र ते इतक्या वेळा ऐकलं होतं की शेवटी सलग रेघ मारली.

पण खोटी खोली काढायलाही माप लागतं. माझ्या टेबलामागे एकच खोली होती, जिच्यात बायको झोपून असायची. मी त्या खोलीचंच माप घेतलं. अकरा फूट बाय नऊ फूट चार इंच. पूर्वेच्या भिंतीत कोनाडा, त्यात औषधाची बाटली. कोनाडा मी नकाशात दाखवला. बाटली अर्थातच दाखवली नाही.

बायकोला माझ्या कामाची फार गंमत वाटायची. आतून, खोकल्याची उबळ ओसरली की, हाक यायची, "अहो, झाली का रेघ?" मी म्हणायचो, "होतेय." ती म्हणायची, "तुमच्या रेघेपेक्षा माझं पातळ लवकर विणून झालं असतं." घरात आम्ही तिघंच होतो आणि तिसरी तीन वर्षांची होती. तेव्हा हे वाक्य माझ्याशिवाय जगात कोणाला ठाऊक असायचं कारण नाही.

३

मी शिकलेला माणूस आहे. निदान तसा समज आहे. त्या मंगळवारी दिवसभर मी स्वतःशी वाद घातला.

एक: त्या काळची घरं साधारण याच मापाची असत, योगायोग आहे. दोन: मुलगी माझा नकाशा हातात घेऊन मोजते आहे, म्हणजे तिला तेच दिसणार जे तिला बघायचं आहे. तीन: मी ती खोली खरंच मोजली होती आणि विसरलो. तिसरा मुद्दा मला इतका आवडला की मी माळ्यावरून जुनी मोजवही काढायला लावली. स्वयंपाकाच्या मावशी शिडीवर चढल्या, पदराने धूळ झटकत म्हणाल्या, "साहेब, या वयात परीक्षा आहे का परत?" वहीत दहा खोल्या होत्या. अकरावीचं पान नव्हतं. फाडलेलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी सव्वासातची वाट न बघता सातलाच फोन केला.

"पूर्वेच्या भिंतीत कोनाडा आहे?"

"आहे की. तुम्हीच दाखवलाय." ती काहीतरी खात होती. "त्यात एक पांढरा गोल डाग आहे, बाटलीच्या बुडाएवढा. त्या काळात बाटल्या होत्या का हो?"

"आणि दार?"

"लाकडी, शाबूत. बाहेर उघडणारं. आणि ऐका, बाबा, कडी बाहेरून आहे! आतून काहीच नाही. एक दुवा तुटलेला, त्याला तांब्याची तार गुंडाळून कोणीतरी जुगाड केलाय. राणीच्या घरात कोणाला बाहेरून कडी लावत असतील?"

मी म्हणालो, बघू, विचार करून सांगतो. फोन ठेवला आणि मागच्या खोलीत गेलो. तिथे आता माझी पुस्तकं असतात. दाराच्या बाहेरच्या अंगाला, डोळ्यांच्या उंचीवर, चार खिळ्यांची भोकं आहेत. तिथली कडी मी अडतीस वर्षांपूर्वी स्वतः उपटली आणि मागच्या पडक्या विहिरीत टाकली. तिचा दुवा मीच तांब्याच्या तारेने बांधला होता. तीन वेढे, टोक आत मुडपलेलं.

मग कोनाड्याकडे पाहिलं. बाटलीचा डाग तिथे कायम होता. औषधाने चुना खाल्ला होता. मी रोज पुस्तक काढताना तो पाहायचो, न पाहिल्यासारखा. आता कोनाडा कोरा होता.

"मावशी, इथला डाग पुसला का तुम्ही?"

"तो होय? तो काय पुसून जातोय, साहेब? मेल्यानेच जाईल म्हणा." मग त्यांनी जवळ येऊन पाहिलं, आणि कोनाड्यातून बोट फिरवून ते उजेडात धरलं.

४

त्या कडीबद्दल लोकांना मी एक सांगायचो, आणि ते खोटं नव्हतं. आजार संसर्गाचा होता. मुलगी लहान, आईकडे धाव घ्यायची, म्हणून सुताराला बोलावून कडी बाहेरून लावून घेतली. कडी खालून तिच्या हाताला लागेना, म्हणून ती तळहाताने दारावर थापा मारायची. सपाट, ओल्या, घाईच्या थापा.

दुसरं कारण मी कोणाला सांगितलं नाही. दार लोटलेलं असलं की खोकला अर्धा ऐकू यायचा. कडी लावली की पाव.

त्या दिवशी सकाळचे अकरा वाजले होते. मुलगी शेजारी खेळायला गेली होती. मी अकराव्या खोलीची तिसरी भिंत शाईत ओढत होतो. मागून दारावर तीन टिचक्या ऐकू आल्या. बायको अंगठीने वाजवायची: टक, टक, टक. हाक मारली नाही. हाक मारायला श्वास नव्हता हे मला कसं कळणार? मी म्हणालो, "आलो." रेघ मधेच थांबवता येत नव्हती. ती संपली. मग वाटलं, चौथी भिंत उरली आहे, चौकोन उघडा ठेवून कसं उठायचं? परत टिचक्या आल्या, थोड्या खालून. मी चौथी भिंत ओढली. मग शाई वाळेपर्यंत बसलो. मागे शांत झालं होतं आणि, खरं सांगतो, मला त्या शांततेचं बरं वाटलं होतं.

कडी काढायला गेलो तर ती निघेना. बाहेर उघडणारं दार आतल्या भाराने कडीवर ताणलं होतं. बायको दाराला टेकून खाली बसली होती.

मुलीला मी सांगत आलो: तुझी आई झोपेत गेली. सुखात गेली. अडतीस वर्षं ही एक रेघ मी सलग ओढत आलो.

५

बुधवारी रात्री मी पुन्हा फोन केला. गुरुवारी मुलगी त्या खोलीत काम सुरू करणार होती. पडझडीचं सामान काढून झालं होतं. "आत मी एकटीच बसणार आहे," ती म्हणाली, "बारीक काम आहे. वरिष्ठांना लिहून टाकलंय, की ही खोली फक्त माझ्या बाबांच्या नकाशात होती, बाकी कोणालाच ती दिसली नव्हती. आता बोला म्हणावं!"

"आत जाऊ नकोस."

"का?"

इथे मला एवढंच सांगायचं होतं की ती खोली मी काढली, मोजली नाही. तीन-चार शब्द. पण त्या शब्दांच्या मागे 'मग माप कुठलं' आलं असतं, त्याच्या मागे 'कडी का' आलं असतं, आणि ती हुशार आहे, माझ्यासारखी. मी म्हणालो, "छप्पर कच्चं असेल."

"बाबा, मी पंधरा वर्षं हेच करतेय. गोळी घेतलीत ना? रात्रीची पण?" मग आवाज हलका करून, "हल्ली तुम्ही तेच तेच विचारता. डॉक्टरांकडे जाऊ या एकदा."

म्हणजे आता मी खरं सांगितलं तरी ती ते गोळीच्या खात्यात टाकणार. मी ठरवलं, समोर जाऊन सांगायचं. तोंडावर सांगितलेलं इतक्या सहज बाजूला ठेवता येत नाही. निदान मला तसं वाटलं.

६

गुरुवारी जीपने मी पायथ्याशी पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते. सात दरवाजे चढून जायला माझे गुडघे तयार नव्हते. दोन मजुरांनी मला खुर्चीत बसवून उचललं. एक म्हणाला, "साहेब, राजे असेच यायचे." दुसरा म्हणाला, "यायचे कुठले? असेच न्यायचे." दोघं हसले. मीही हसलो, खुर्चीत बसलेल्याने दुसरं काय करायचं?

चौकात ऊन लख्ख होतं. सावली कुठेच नव्हती. मजूर मला टेकवून जेवायला गेले. रखवालदार ओट्यापाशी उभा होता. बापासारखाच दिसत होता, मान एका बाजूला कललेली.

"ताई कुठे आहेत?"

"ताई आत आहेत."

"आत म्हणजे? नीट सांग. खोलीत कामाला गेल्यात, असं ना?"

"आत म्हणजे आत, साहेब," तो जरा नाराजीने म्हणाला. "आणखी कसं सांगू?"

मी राणीच्या घराला वळसा घातला. खोली तिथे होती. दगड वेगळा, लाकूड वेगळं, पण दाराची रुंदी, उंबऱ्याची झीज, भिंत आणि चौकट यांच्यामधली ती बोटभर फट, सगळं मी न बघता सांगू शकलो असतो. दार बंद होतं. बाहेरून कडी लागलेली होती. तारेचे तीन वेढे, टोक आत मुडपलेलं.

"कडी कोणी लावली?"

रखवालदार माझ्यामागे येऊन उभा होता. "कोणी नाही. ती लागलेलीच असते. आपण काढायची असते."

आतून आवाज आला. टक, टक, टक.

माझी मुलगी अंगठी घालत नाही. यंत्रात अडकते म्हणते. लेझरचं यंत्र ती पिवळ्या दोरीने मनगटाला बांधून ठेवते. ते यंत्र दारावर आपटलं तर असाच आवाज होईल. नक्कीच होईल. मी कडीवर हात ठेवला आणि मनात आलं, दार उघडलं की ती विचारणार, 'बाबा, तुम्ही इथे कसे?' त्याच क्षणी सांगावं लागेल. पहिलं वाक्य तयार हवं. 'ही खोली मी मोजली नव्हती' असं सुरू करावं की 'तुझी आई झोपेत गेली नाही' असं? पहिल्याने सुरुवात केली तर दुसरं सांगायचं टाळता येईल. दुसऱ्याने केली तर पहिलं क्षुल्लक ठरेल. मी वाक्य फिरवून पाहिलं. 'बाळ, माझी एक चूक झाली.' चूक? मग 'अपराध' म्हणावं का? तो शब्द नाटकी वाटला.

परत टिचक्या आल्या, थोड्या खालून.

"आलो," मी म्हणालो.

वाक्य अर्धं झालं होतं. मी ते पूर्ण केलं. मग एकदा मनात म्हणून पाहिलं. चांगलं जमलं होतं.

आत शांत झालं तेव्हा मी कडी काढली.

७

दार जड होतं. दोन्ही हातांनी ओढावं लागलं. आत काळोख आणि ओळखीचा, गोडसर औषधी वास. माझी मुलगी उंबऱ्यात उभी होती. केसांवर धूळ, चेहरा शांत, उन्हाने डोळे बारीक केलेले. मनगट मोकळं. तिच्या पायांमागे, फरशीलगत, एक हात पालथा पडलेला दिसला. त्याच्या मनगटाला पिवळी दोरी होती. तेवढ्यात ती बाहेर आली, दार तिच्यामागे पुन्हा लागलं, आणि मी काय पाहिलं याबद्दल मला लगेच शंका वाटू लागली. मला अशी शंका फार लवकर येते. माझ्या विषयात तो गुण समजला जातो.

तिने माझ्याकडे डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. किती म्हातारा झालो आहे हे पाहावं, तसं. मग माझा हात धरला.

"अहो," ती म्हणाली, "झाली का रेघ?"

तयार केलेलं वाक्य मला आठवलं नाही. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. अडतीस वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

"झाली," मी म्हणालो.

"चला मग," ती म्हणाली. "किती उशीर करता."

आम्ही चौक ओलांडला. ती माझ्या गुडघ्याच्या बेताने पावलं टाकत होती. मागे खळकन आवाज झाला. मी मान वळवली. रखवालदाराने कडी लावली होती आणि तो दाराकडे पाहून, बापासारखी मान कलती करून, उभा होता.

"आता कशाला कडी?" मी ओरडून विचारलं. "ताई बाहेर आल्या ना?"

"ताई आत आहेत, साहेब," तो म्हणाला. त्या चौकात बोलतात तसं, हळू आणि मानाने.

आम्ही सातव्या दरवाजाच्या कमानीखाली आलो तेव्हा दारावर थापा सुरू झाल्या. अंगठीच्या टिचक्या नव्हत्या त्या. तळहाताच्या थापा होत्या, सपाट, घाईच्या. कडी हाताला न लागणाऱ्या माणसाच्या.

माझा हात धरलेला होता. पायऱ्या उताराच्या होत्या. एकदा सुरुवात केल्यावर मधेच थांबता येत नाही.